हातघडणीच्या चाकूची किंमत कशी वाचावी

नव्वद डॉलरचा चाकू आणि नऊ हजार डॉलरचा चाकू शेजारी ठेवले, तर दोरी दोन्ही कापतात. कधीकधी नव्वदवालाच जास्त चांगली कापतो, कारण नऊ हजारवाला वापरायची मालकाची छाती होत नाही. म्हणजे वरचे ८,९१० डॉलर कापण्यासाठी मोजलेले नाहीत. मग कशासाठी?

नव्याने या छंदात पडणाऱ्यांसाठी त्या ८,९१० डॉलरचा हिशेब इथे मांडतो आहे. उदाहरणं अमेरिकेतल्या हातघडणीच्या चाकूंची घेतली आहेत. आज संग्राहक जी परिभाषा वापरतात, ज्या नावांमागे धावतात, त्यातलं बरंचसं तिथे १९५० ते १९९०च्या दरम्यान घडलं. जपानी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या हा स्वतंत्र विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. शिकारीच्या साध्या चाकूला लागणारी चांगल्या पोलादाची पट्टी तीस-चाळीस डॉलरमध्ये येते. उरलेली किंमत तीन गोष्टींची: चाकू कोणाच्या हातचा आहे, काम किती नीट उतरलंय, आणि उद्या तुम्ही तो विकायला काढलात तर किती जण हात पुढे करतील. पहिल्या दोन गोष्टींवर नवखे लोक तासन्‌तास बोलतात. तिसरीचा विचार बहुतेकांना विकायची वेळ आल्यावर सुचतो.

पहिली पायरी: तुम्ही कोणत्या गल्लीत उभे आहात?

दिसायला सारखे असणारे चाकू चार वेगवेगळ्या बाजारांत विकले जातात.

पहिला कारखान्याचा माल. दुसरा 'मिडटेक', म्हणजे सुटे भाग यंत्रावर कापून घेतलेले, पण जुळणी, घासाई, शेवटचा हात कारागिराचा किंवा त्याच्या छोट्या कार्यशाळेचा. तिसरा 'कस्टम', कारागिराने स्वतः केलेला. चौथा 'सोल ऑथरशिप': पोलादाला पाणी देण्यापासून (म्हणजे तापवून-विझवून ते कठीण करण्यापासून) मुठीपर्यंत सगळं एकाच माणसाचं. काही कारागीर यात नक्षी आणि म्यानसुद्धा धरतात. विकणारा 'कस्टम' हा शब्द या चारांपैकी कशालाही चिकटवतो, त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातलं नेमकं काय काय तुम्ही केलं, आणि बाहेरून काय करून घेतलं? पाणी बाहेर देऊन आणणं हा गुन्हा नाही. पुष्कळ नामवंत कारागीर तसंच करतात. फक्त ते लपवलेलं नको.

गल्लीने भावात किती फरक पडतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे बॉब क्रेमर. सिएटलमध्ये स्वयंपाकघरात काम केलेला हा माणूस पुढे अमेरिकेतल्या लोहारांच्या संघटनेचा मास्टर स्मिथ झाला. त्याच्या आराखड्यावर झ्विलिंग कंपनी सुऱ्या काढते. त्या काही शे डॉलरना दुकानात मिळतात. क्रेमरच्या स्वतःच्या हातची तशीच सुरी लिलावात हजारो डॉलरना जाते. आराखडा एकाच डोक्यातला, पण भाव कोणाच्या हाताने घासलं त्याचा.

कारखान्याच्या टोकाला ख्रिस रीव्ह यांचा सेबेंझा ठेवा. रीव्ह दक्षिण आफ्रिकेतून आले आणि आयडाहोमधल्या बॉइझी शहरात स्थिरावले. १९९०च्या सुमारास त्यांनी हा घडीचा चाकू आणला. टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग वळून पात्याच्या मागे कुलूप म्हणून बसतो, ही त्यातली युक्ती नंतर सगळ्या जगाने उचलली. आज तो नवा सुमारे पाचशे डॉलरला पडतो. उघडल्यावर त्याचं पातं केसभरही डुगडुगत नाही. नवख्याने एकदा तरी तो हाताळावा, कारण त्यावरून मोजपट्टी मिळते. एखादा कस्टमवाला दीड हजार मागत असेल आणि त्याचं पातं सेबेंझाइतकंही नीट मध्यभागी मिटत नसेल, तर वरचे हजार कशाचे, हे त्यालाच विचारावं.

दुसरी पायरी: नाव आणि शिक्का

बॉब लव्हलेस १९५३ साली व्यापारी जहाजावर खलाशी होते. न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात ते रँडल या नावाजलेल्या कारखान्याचा चाकू घ्यायला गेले. नऊ महिने थांबावं लागेल, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी भंगारातल्या मोटारीच्या स्प्रिंगपासून स्वतःच एक चाकू घडवला, असा किस्सा ते सांगत. लवकरच त्याच दुकानात त्यांचे चाकू विकले जाऊ लागले. पुढे 'ड्रॉप पॉइंट हंटर' हा त्यांचा आकार इतका रुजला, की आज शिकारीचा चाकू काढ म्हटलं तर बहुतेक कारागिरांच्या हातून नकळत लव्हलेसच उतरतो. २०१० साली ते गेले.

त्यांच्या चाकूचा भाव वाचायला शिकलात, तर इतर कोणाचाही वाचता येईल. सुरुवातीच्या नगांवर 'डेलावेअर मेड' असा शिक्का. मग कॅलिफोर्नियातली गावं येतात: लॉनडेल, शेवटी रिव्हरसाइड. शिक्क्यातलं गाव पाहून काळ कळतो. काही चाकूंवर नग्न स्त्रीची आकृती कोरलेला शिक्का आहे, आणि तो असला की भाव वर सरकतो. काही नगांवर त्यांच्याबरोबर काम केलेल्या स्टीव्ह जॉन्सनसारख्या कारागिराचंही नाव आहे. म्हणजे 'लव्हलेसचा चाकू' असा एक भाव नसतो. कोणता काळ, कोणता शिक्का, कोणता आकार, मुठीला काय, बरोबर त्यांचं स्वतःचं म्यान आहे का, यावर काही हजार डॉलरपासून पार वरपर्यंत आकडे पसरतात.

आणि जिथे असे आकडे, तिथे नकला. लव्हलेसच्या नकली चाकूंचा सुळसुळाट आहे. शिक्का खोटा करणं हे चाकू खोटा करण्यापेक्षा फार सोपं असतं, हे ध्यानात ठेवा. आधी घासाईची ढब बघायची, मुठीतलं पोलाद बुडाकडे कसं निमुळतं होत गेलंय ते बघायचं, मुठीतले बोल्ट बघायचे. शिक्का सगळ्यात शेवटी. नवख्या माणसाने मोठ्या नावाचा जुना नग जाणकाराच्या लेखी दाखल्याशिवाय घेऊ नये, मग देणारा कितीही सज्जन वाटो.

मोठी नावं परवडत नाहीत म्हणून हिरमुसायचं कारण नाही. हातोडीने घडवणाऱ्या लोहारांपुरती एक सोय आहे. बिल मोरन यांनी १९७३ साली दमास्कस पोलादाचे, म्हणजे थरांची नक्षी उठवलेल्या पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडून विसरत चाललेली कला पुन्हा चर्चेत आणली, आणि १९७६ साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी सुरू झाली. या संस्थेच्या परीक्षा आहेत. जर्नीमन स्मिथ व्हायचं तर स्वतः घडवलेल्या चाकूने आधी लोंबती, एक इंच जाडीची दोरी एका फटक्यात तोडायची. मग दोन-बाय-चारचा लाकडी ठोकळा दोनदा तोडायचा. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचं, आणि ते तुटता कामा नये. परीक्षेचा हा चाकू अर्थातच त्यात निकामी होतो. त्यानंतर परीक्षकांपुढे पाच देखणे चाकू वेगळे मांडायचे, त्यात फटी आणि ओरखडे शोधले जातात. मास्टर स्मिथला हीच परीक्षा किमान ३०० थरांच्या दमास्कस पात्यावर, आणि पाच चाकूंत एक दमास्कसचा क्विलन डॅगर, म्हणजे आडव्या गार्डचा दुधारी खंजीर. पात्यावर नावाशेजारी कोरलेली दोन अक्षरं, 'जेएस' किंवा 'एमएस', याचा अर्थ एवढा.

माझं मत विचाराल तर नवख्यासाठी सगळ्यात फायद्याची जागा इथेच आहे: जर्नीमन होऊन दोन-तीन वर्षं झालेला आणि मास्टरच्या तयारीला लागलेला लोहार. त्याचं काम बहुतेक वेळा मास्टरच्या तोडीचं असतं, भाव मात्र अजून तिथवर पोचलेला नसतो.

तिसरी पायरी: चाकू हातात घेऊन बघणं

हे फोटोवरून शिकता येत नाही. अटलांटात दरवर्षी जूनच्या सुमारास ब्लेड शो भरतो. त्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा तरी जावं, काही न घेता नुसतं हाताळून यावं. हाताळायच्या आधी विचारायचं. पात्याला बोट लावायचं नाही, कारण घामाचा ठसा साध्या कार्बन पोलादावर दुसऱ्या दिवशी गंज होऊन उगवतो. घडीचा चाकू टेबलावर फटकारून उघडायचा नाही. परत देताना मूठ समोरच्याकडे.

आता क्रमाने. पाठ वर करून चाकू डोळ्यांच्या रेषेत धरा आणि मुठीकडून टोकाकडे बघा. पाठ सरळ आहे का? मग धार वर करा आणि ती बरोबर मध्यावर धावते का, ते पाहा. पात्याच्या मुळाशी, जिथून घासाईचा उतार सुरू होतो, तिथे एक वळणदार रेघ असते. डावीकडची आणि उजवीकडची रेघ एकाच जागी, एकाच वळणाची हवी. घासाईच्या फिरत्या पट्ट्यावर एकदा हात चुकला की ती रेघ मागे सरकते, आणि दुसरी बाजू जुळवायची तर तीही मागे न्यावी लागते. हे जमवायला वर्षं जातात. म्हणून जुने संग्राहक चाकू हातात आला की नाव वाचायच्या आधी ही रेघ पाहतात.

मग पातं दिव्याखाली तिरकं करा. हाताने कागद मारून केलेली सफाई असेल तर सगळ्या बारीक रेघा मुळापासून टोकापर्यंत सरळ एका दिशेने जातात. जिथे कारागिराचा हात मध्येच थांबून उलटला, तिथे रेघेच्या शेवटी बारीकसा आकडा दिसतो, गळासारखा. मुळाशी असे आकडे पुष्कळ दिसले तर समजायचं की शेवटच्या तासाला कंटाळा आला होता. ते काढायला आणखी अर्धा दिवस लागला असता, आणि तुम्ही पैसे त्याच अर्ध्या दिवसाचे मोजता आहात.

गार्ड (मूठ आणि पातं यांच्या मधला धातूचा आडवा तुकडा) आणि पातं यांचा सांधा खिडकीच्या उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसता कामा नये, डाख किंवा गोंद बाहेर आलेला दिसता कामा नये. मुठीवर डोळे मिटून अंगठ्याचं नख आडवं फिरवा, लाकडावरून धातूवर, धातूवरून लाकडावर. नख कुठे अडखळतं का? नव्या चाकूत अडखळणं म्हणजे कच्चं काम. पण हाड, शिंग, हस्तिदंत हवेप्रमाणे आकसतं, त्यामुळे तीस वर्षांच्या चाकूत किंचित पायरी लागली तर तो वयाचा भाग आहे, त्यावरून भाव पाडू नका.

मूठ मागून, बुडाकडून पाहा. चांगल्या कामात मुठीतलं पोलाद बुडाकडे पातळ होत जातं. त्याने तोल पुढे-मागे नीट बसतो आणि वजन घटतं. हे करायला जास्तीची घासाई आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तिरक्या बसवण्याचं कसब लागतं. स्वस्तातला माणूस ही पायरी गाळतो, कारण ती समोरून दिसत नाही.

घडीच्या चाकूत बघण्यासारखं आणखी बरंच आहे. पातं मिटल्यावर बरोबर मध्ये बसतं का? उघडल्यावर वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा, काहीही हलू नये. कुलूप नसलेल्या, नुसत्या स्प्रिंगवर चालणाऱ्या पारंपरिक चाकूत पाठीची स्प्रिंग तीन अवस्थांत तपासतात: मिटलेला, अर्धा उघडा, पूर्ण उघडा. तिन्ही वेळा स्प्रिंग मुठीच्या पाठीशी सपाट आली पाहिजे. उघडताना आणि मिटताना ठाम 'टक्‌' आवाज यावा. याला तिथले लोक 'वॉक अँड टॉक' म्हणतात. इंडियाना राज्यातल्या टोनी बोस यांचे चाकू या एका गोष्टीसाठी उंच भावाने जातात. शेवटी, पैठणी उलटी करून बघतात तसं चाकूच्या पोटात डोकावा. आतल्या पट्ट्या, जिथे कोणाची नजर जायचं कारण नाही, तिथे ओरखडे तसेच सोडलेत की तिथेही सफाई केलीय? मी तरी या एका गोष्टीवर पुष्कळदा निर्णय घेतो.

चौथी पायरी: पोलाद, आणि त्याला किती महत्त्व द्यायचं

कमी. कारखान्याच्या चाकूंत पोलादाच्या नावाने भाव हलतो: एस३०व्ही, एम३९०, २०२१पासून मॅग्नाकट. संग्राहकांच्या वरच्या बाजारात मात्र लव्हलेसचे एटीएस-३४ आणि १५४सीएम या आता जुन्या झालेल्या पोलादातले चाकू कोणीही 'पोलाद जुनं आहे' म्हणून नाकारत नाही. प्रश्न विचारायचाच तर पाणी कोणी दिलं आणि कठीणपणा किती, हा विचारा. रॉकवेल मापावर ५८ ते ६२च्या दरम्यानचं उत्तर न अडखळता आलं, तर माणसाला आपलं काम माहीत आहे.

दमास्कसबद्दल मात्र सावध राहा. आजचं दमास्कस म्हणजे दोन-तीन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत एकजीव करून, मुरडून, मग आम्लात बुडवून उठवलेली नक्षी. जुन्या भारतीय मुशीतल्या पोलादाशी, म्हणजे वूट्झशी, त्याचं दिसण्यापलीकडे फारसं नातं नाही. साधे लहरी थर घालणं जुन्या लोहाराला सोपं असतं. तुकडे जुळवून एकच आकृती पात्यावर पुन्हापुन्हा उमटवलेली मोझेइक नक्षी मात्र कित्येक दिवस खाते, आणि तिचे पैसे रास्त आहेत. स्वीडनच्या डॅमस्टील कंपनीची तयार पट्टी विकत घेऊनही चाकू करतात. ती पट्टी उत्तम असते, पण मग घडवण्याचे पैसे कारागिराला द्यायचे नाहीत. आणि चाळीस डॉलरचा 'हातघडणीचा दमास्कस' दिसला, की तो बहुधा पाकिस्तानातल्या वझिराबादचा असतो. तिथल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, पण त्या मालात आत कोणतं पोलाद आहे आणि पाणी कसं दिलंय, हे विकणाराही सांगू शकत नाही. वापरायला घ्या, संग्रह म्हणून नको. पुन्हा विकताना त्याला भाव नाही.

पाचवी पायरी: मूठ

इथे आपला संबंध थेट येतो. जगभरच्या चाकूवाल्यांना सगळ्यात प्रिय मूठ म्हणजे सांबराच्या शिंगाची. आत भरीव, बाहेर खडबडीत, हातातून न निसटणारी. इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, अमेरिका, सगळीकडे ते शिंग भारतातून जायचं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात बंद केली. त्यामुळे जुना साठा असलेल्या कारागिराकडचं चांगलं, रंगदार सांबरशिंग दरवर्षी महाग होतंय, आणि त्याच कारागिराचा तोच चाकू साध्या लाकडी मुठीपेक्षा शिंगाच्या मुठीत बराच वर विकला जातो. आपल्याकडे मात्र सांबर वन्यजीव कायद्याखालचा प्राणी आहे. गावाकडे कोणाच्या माळ्यावर शिंग पडलंय, त्याची मूठ करू, असला विचारही करू नका.

हस्तिदंताचं प्रकरण आणखी अवघड. हत्तींच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९०पासून बंदी आहे, अमेरिकेने २०१६ साली आपले देशांतर्गत नियम जवळपास बंद करण्याइतके कडक केले. परिणाम असा, की हस्तिदंती मुठीच्या सुंदर जुन्या चाकूंना गिऱ्हाईक उरलं नाही आणि भाव खाली आला. बर्फात सापडणाऱ्या मॅमथचे दात त्या जागी आले, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी तेही बंदीत घेतले. चाकू जितका कमी ठिकाणी विकता येतो, तितका त्याचा भाव दबतो.

कृत्रिम मायकार्टाला (राळेत दाबलेल्या कापडाच्या किंवा कागदाच्या थरांना) नवखे लोक नाक मुरडतात. पण लव्हलेसच्या काळातला जुना हिरवा किंवा हस्तिदंती रंगाचा मायकार्टा शोधत फिरणारे संग्राहक आहेत. मूठ मोलाची की नाही, हे तिच्या कारागिराशी जुळते का, यावर ठरतं.

सहावी पायरी: अवस्था

न वापरलेला, धार पुन्हा न लावलेला, मूळ म्यान आणि कागद असलेला नग सगळ्यात वर. एकदा घरी निसण्यावर धार लावली की भाव घसरतो. बफवर, म्हणजे चकाकीच्या फिरत्या चाकावर चमकवला तर आणखी घसरतो, कारण त्याने शिक्क्याच्या कडा गोल होतात आणि कारागिराच्या मूळ रेघा पुसल्या जातात. जुन्या कार्बन पात्यावरची करडी-निळसर छटा चालते. लाल गंज आणि खड्डे चालत नाहीत. शंका असेल तर काहीही साफ करू नका, तसाच विका.

म्यानाचा वेगळा भाव असतो. रँडलच्या जुन्या चाकूंत तर म्यानावरचा हायझर किंवा जॉन्सन या म्यान करणाऱ्यांचा शिक्का बघून काळ ठरवतात, त्यामुळे नव्या चाकूला जुनं म्यान जोडून देण्याचे प्रकार होतात. म्यानाच्या आतला घासल्याचा ठसा चाकूच्या आकाराशी जुळतो का, ते पाहायचं.

ठेवणीबद्दल दोन सूचना पुरेत. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनांनी पितळ हिरवं पडतं आणि पातं डागाळतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि जुन्या सेल्युलॉइड मुठीचा चाकू इतरांपासून लांब ठेवा. ती मूठ कुजताना वाफ सोडते आणि शेजारचे चाकूही गंजवते.

सातवी पायरी: आकडा

नवखे विकणाऱ्याने लिहिलेली किंमत बघतात. ती फक्त इच्छा असते. बघायचा तो विकला गेल्याचा आकडा: लिलावांचे निकाल, विक्रेत्यांच्या 'विकला' असा शेरा मारलेल्या नोंदी. एकाच कारागिराचे, एकाच आकाराचे निदान पाच-सहा आकडे जमल्याशिवाय हात खिशात घालू नका.

लिलावातही आकडा कसा फुटतो, बघा. समजा हातोडी २,००० डॉलरवर पडली. घेणाऱ्याला वर २० टक्के द्यावे लागले, म्हणजे तो २,४०० देतो. विकणाऱ्याकडून १५ टक्के कापले गेले, म्हणजे त्याला १,७०० मिळतात. त्याच दिवशी तसाच चाकू एखाद्या विक्रेत्याच्या टेबलावर २,६००ला असू शकतो. मग चाकूची किंमत किती? विमा उतरवायचा असेल तर २,६००, कारण तेवढ्यात दुसरा मिळेल. तुम्हाला विकायचा असेल तर १,७००. या दोन आकड्यांमधले ९०० डॉलर म्हणजे छंदाचा खर्च, आणि तो आधीच गृहीत धरलेला बरा. टक्केवारी प्रत्येक लिलावघराची वेगळी असते, बोली लावायच्या आधी वाचून घ्या.

दुसरा आकडा म्हणजे टेबलाचा भाव आणि बाजारचा भाव यांतलं अंतर. कारागीर स्वतः ज्या भावाने विकतो तो टेबलाचा भाव. बाजारात तोच चाकू त्याहून वर जात असेल तर मागणी खरी आहे. खाली जात असेल, तर कारागीर आपल्या नावापुढे धावतोय. काही नामवंतांच्या टेबलापुढे इतकी गर्दी होते, की चिठ्ठ्या टाकून नाव काढतात आणि ज्याची चिठ्ठी निघाली तो दहा मिनिटांत दुप्पट भावाने पुढे विकतो. हे पाहून भुलू नका. २०१०च्या दशकात जाड, काळ्या, लष्करी ढंगाच्या घडीच्या चाकूंची अशीच लाट आली होती. ज्यांनी शेवटच्या दिवसांत दुप्पट-तिप्पट मोजले, त्यातले बरेच जण अजून मूळ रकमेची वाट बघतायत.

रँडलचं गणित वेगळं. कारखान्याला मागणी नोंदवली तर भाव माफक, पण वर्षानुवर्षं थांबा. विक्रेत्याकडे तयार नग लगेच मिळतो, जास्तीच्या पैशांत. तो जास्तीचा पैसा म्हणजे वाट न बघण्याची किंमत. घाई नसेल तर नोंदवून द्या आणि विसरून जा.

कारागीर गेला की भाव चढतो, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. बातमी आल्यावर काही महिने चढतोच, पण त्याच वेळी कपाटातले नगही बाजारात येतात. ज्यांच्या मागे लेख, पुस्तकं, शिष्य, नकला करणारे आहेत, त्यांचा भाव टिकतो. नुसता चांगला कारागीर असलेल्याचा पुन्हा खाली येतो. वाईट वाटतं, पण तसंच आहे.

भारतात मागवत असाल तर

शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या वगैरे कामाचे त्यातून वगळलेत. खंजीर, कट्यारी यांच्याकडे यंत्रणा वेगळ्या नजरेने बघते. बटण दाबून उघडणारे चाकू मागवायच्या फंदात पडू नका. मुठीला शिंग, हस्तिदंत, मॅमथ असलं काही असेल तर पार्सल अडकण्याची पुरेपूर शक्यता आहे. लाकूड, मायकार्टा, टायटॅनियम यांवर राहा. बिल खऱ्या रकमेचंच लावायला सांगा. कमी दाखवलं आणि पार्सल हरवलं, तर भरपाईही तेवढीच. जकात आणि कर मालाच्या किमतीवर भाडं आणि विमा धरून लागतात, ते आधी मोजा. स्वतः आणत असाल तर चेक-इनच्या बॅगेत, बिलासकट. नियम बदलतात, म्हणून महागाचा नग मागवण्याआधी सीमाशुल्काचं काम बघणाऱ्या एजंटला विचारलेलं बरं.

आणि उलट दिशेने: घरातली जुनी कट्यार किंवा बिचवा शंभर वर्षांपलीकडचा असेल तर पुरावस्तू कायद्याने तो देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाच्या घरी 'शोभेला' पाठवायचा बेत असेल तर सोडून द्या.

पहिली खरेदी

ठरवलेल्या पैशांत तीन चाकू घेण्यापेक्षा एक घ्या. जिवंत, हातावर काम असलेल्या, पत्राला उत्तर देणाऱ्या कारागिराचा, त्याच्या ओळखीच्या आकाराचा. प्रत्येक कारागिराचा एक असा आकार असतो ज्यासाठी लोक त्याला ओळखतात, आणि विकताना तोच पटकन उठतो. त्याने हौसेने केलेला एखादा विचित्र नग स्वस्त मिळेल, पण तुम्हाला तो जसा स्वस्त मिळाला तसाच स्वस्तात द्यावा लागेल. वर नक्षीकाम असेल तर नक्षीकाराचं नाव विचारा. नाव नसलेली नक्षी भाव वाढवत नाही, आणि बेताची असेल तर कमीच करते.

घेतल्याच्या दिवशीच एका वहीत नोंद करा: कारागीर, तारीख, पोलाद, मूठ, दिलेली रक्कम, कर आणि भाडं वेगळं. कारागिराची पत्रं छापून ठेवा, दोन्ही बाजूंचे आणि शिक्क्याचे फोटो काढा. वर्षातून एकदा तसाच चाकू कितीला विकला गेला, तो आकडा पुढे लिहा. ही वही कुठे आहे आणि विकायची वेळ आली तर कोणाला विचारायचं, हे घरात एका माणसाला सांगून ठेवा. नाहीतर बायको-मुलं किंवा भाचे मंडळी ते सगळं एकगठ्ठा पहिल्याच माणसाला देऊन मोकळी होतात, आणि तो माणूस १,७००सुद्धा देत नाही.